भूकंपाच्या मुलखात हास्याचा शोध

महाराष्ट्राची उत्तर हद्द जेथे गुजरात आणि दादरा-नगर हवेली यांना भिडते, त्या टोकाला पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके आहेत. पश्चिमेस मच्छीमारांची गावे आणि चिकूच्या वाड्या, पूर्वेस भातखाचरे, डोंगरउतार आणि वारली कुटुंबांचे विखुरलेले पाडे, असा हा मुलूख. आणि जमीनदार-सावकारांच्या वेठबिगारीविरुद्ध 1945 साली झरी गावच्या परिषदेपासून येथे जो लढा उभा राहिला, त्याचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना येथील माणसाच्या सोशिकपणाविषयी आणि धैर्याविषयी वेगळे काही सांगण्याची गरज नाही. परंतु 2018 च्या नोव्हेंबर महिन्यात जी विपत्ती या मुलखावर आली, तिच्याविरुद्ध मोर्चा नेता येण्याजोगा नव्हता, कारण ती पायाखालच्या खडकातच होती. धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले आणि आसपासच्या गावांत जमिनीच्या पोटातून गडगडाट ऐकू येऊ लागला, मांडणीवरची भांडी वाजू लागली, भिंतींना तडे जाऊ लागले; आणि हे एकदा घडून थांबले असते तर माणसाने त्याचे दुःख करून ते मागे टाकले असते, पण ते थांबले नाही.

सामान्यतः भूकंपाचा मोठा धक्का एकदा बसतो आणि त्यामागून येणारे धक्के क्रमाक्रमाने क्षीण होत जातात. डहाणू-तलासरीत लहान आणि मध्यम धक्क्यांची अखंड रांग लागली, जिला भूशास्त्रज्ञ भूकंपमालिका म्हणतात. आणि बेसाल्ट खडकाच्या भेगांतून खोल मुरणारे पावसाचे पाणी हे तिचे एक कारण असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. 1 फेब्रुवारी 2019 रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतील एक 4.1 तीव्रतेचा होता, आणि हळदपाड्यात घराबाहेर धावताना पडून दोन वर्षांची एक बालिका दगावली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने तंबू उभारले, माणसे थंडीत घराबाहेर झोपू लागली, मुलांचे वर्ग उघड्यावर भरू लागले. पुढे 2020 च्या मार्च महिन्यात महासाथीमुळे देशभर टाळेबंदी झाली. घराबाहेर पडू नका असा सरकारी हुकूम, आणि त्याच वर्षी पुन्हा पुन्हा बसणाऱ्या धक्क्यांमुळे घरात थांबण्याची भीती, अशा विलक्षण कोंडीत हा मुलूख सापडला. मनुष्याच्या मनावर येणाऱ्या सर्व ताणांमध्ये अनिश्चित आणि पुनःपुन्हा येणारा ताण सर्वांत झिजवणारा असतो. मोठ्या दुःखाभोवती समाज गोळा होतो, सांत्वन करतो, मदत पाठवितो. पण रोज थोडी थोडी खाणारी धास्ती ज्याची त्यालाच रात्री जागून सोसावी लागते.

अशा रात्री माणसाच्या हाती मोबाइल असतो, आणि प्रस्तुत प्रकरणाचा विषय हाच आहे की, त्या मोबाइलमधून मनाला उभारी देणारे हास्य कसे शोधावे. हा प्रश्न क्षुल्लक वाटेल त्याने याच डहाणू तालुक्यातील गडचिंचले गावी 16 एप्रिल 2020 च्या रात्री काय घडले ते आठवावे. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर-दरोडेखोर आणि मुले पळविणाऱ्या टोळ्या हिंडत असल्याच्या अफवा मोबाइलवरून आणि तोंडोतोंडी पसरल्या होत्या. त्यांनी बिथरलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशा तिघांचा जीव घेतला. मुंबईसारख्या महानगरापासून काही तासांच्या अंतरावर, ज्या यंत्रावरून आईवडिलांची खुशाली विचारावयाची, त्याच यंत्रावरून भय घरोघर पोहोचले होते. तेव्हा या यंत्रावाटे घरात काय येते आणि काय येत नाही, याचा बंदोबस्त करणे हे विषण्ण काळातील कुटुंबाचे एक गंभीर कर्तव्य ठरते, आणि हास्याचा शोध हा त्या बंदोबस्ताचाच भाग आहे.

समाजमाध्यमांचे यंत्र कसे चालते हे प्रथम समजून घेतले पाहिजे. आपण एखाद्या चित्रफितीवर किती वेळ थांबलो, ती शेवटपर्यंत पाहिली की अर्ध्यात सोडली, दुसऱ्यास पाठविली की नाही, तिच्याखाली काही लिहिले की नाही, या सर्वांची नोंद त्याच्या दप्तरी होत राहते आणि त्या नोंदीवरून पुढे आपणांस काय दाखवावयाचे हे ठरते. भय आणि संताप या भावना माणसाला खिळवून ठेवतात. म्हणून भूकंपाच्या रात्री ज्याने भिंत कोसळल्याच्या चार फिती पाहिल्या, त्याच्यापुढे पाचवी येते, मग दूरदेशीच्या कुठल्याशा भूकंपाची जुनी फीत येते, मग जगबुडीची भाकिते येतात. यंत्रास त्याच्या भल्याबुऱ्याची काळजी नसते. तो कशावर थांबला एवढेच त्यास कळते. परंतु याच गुणाचा उपयोग आपणांस करून घेता येतो. ज्या खात्यावर आपण मुद्दाम जाऊन थांबतो, ज्याची फीत पूर्ण पाहतो आणि जपून ठेवतो, त्या जातीचे साहित्य पुढे अधिक येऊ लागते. आणि नको त्या मजकुराच्या कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून 'नॉट इंटरेस्टेड' हा पर्याय निवडला, तर यंत्रास आपली नापसंतीही कळते. चार-आठ दिवस हा नेम निष्ठेने पाळल्यास पडद्यावर येणाऱ्या मजकुराचा सूर बदलू लागतो.

आता हास्याने खरोखर काय साधते? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी अनेक वर्षे माणसांच्या हसण्याचे निरीक्षण केले, आणि त्यांना असे आढळले की एकटा असताना मनुष्य जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो इतरांच्या संगतीत हसतो. शिवाय बहुतेक हसणे हे एखाद्या चतुर विनोदानंतर येत नसून साध्या, नित्याच्या बोलण्यातून उमटते. ब्रिटनमधील रॉबिन डनबार आणि त्यांचे सहकारी यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही लोकांना विनोदी फिती आणि काही लोकांना साध्या माहितीच्या फिती दाखविल्या, आणि आधी व नंतर त्यांची वेदना सोसण्याची शक्ती मोजली. मोजणीसाठी दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळणे किंवा गोठविलेले वेष्टन हातावर चढविणे अशी साधी साधने वापरली. जे खळखळून हसले त्यांची सोसण्याची शक्ती वाढलेली आढळली, आणि ही वाढ शरीरात स्रवणाऱ्या एंडॉर्फिन नामक वेदनाशामक द्रव्यांमुळे होत असावी असा निष्कर्ष त्यांनी काढला. हास्याने भिंतीचा तडा सांधला जात नाही, पंचनामा लवकर होत नाही, नुकसानभरपाईचा कागद कचेरीतून सुटत नाही. ती कामे ज्यांची आहेत त्यांनी ती केलीच पाहिजेत. पण ज्याला उद्या सकाळी पुन्हा त्या कचेरीत जावयाचे आहे, त्याची आजची रात्र सुसह्य करण्याचे सामर्थ्य हास्यात निश्चित आहे.

मराठी माणसाला ही गोष्ट शास्त्रज्ञांनी सांगण्यापूर्वीपासून ठाऊक होती. तमाशातील सोंगाड्याची बतावणी, दशावतारातील काळ्या वेषातला संकासुर, फौजदाराचा पोशाख चढवून दारात खोटा दरारा दाखविणारा बहुरूपी, ही सर्व पात्रे दुष्काळाच्या आणि साथीच्या वर्षांतही गावोगाव फिरत होती. छापील विनोदाचा प्रवाह त्यांच्या शेजारीच उगम पावला. 1896 साली मुंबईत शिरलेल्या प्लेगाचे सावट महाराष्ट्रावर कायम असतानाच्या काळात श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी पुढे 'सुदाम्याचे पोहे' या नावाने संग्रहित झालेले विनोदी लेख लिहिण्यास आरंभ केला. त्यांच्यामागून गडकऱ्यांचा बाळकराम आला, चिं. वि. जोशींचा चिमणराव आला, 1951 पासून 'आवाज' या दिवाळी अंकाने खिडकीचित्रांची नवलाई आणली, आणि 1958 साली पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' पुस्तकरूपाने घरोघर गेली. त्या पिढीतील वाचक दिवाळीपूर्वी विनोदी अंक निवडून घेत असे, तो घरातल्या सर्वांच्या हातून फिरत असे आणि वर्षभर जपला जात असे. निवडणे, वाटून घेणे आणि जपणे या तीन क्रिया त्यात होत्या. आजच्या मोबाइलधारकास यंत्राने पहिली क्रिया आयती करून दिली आणि उरलेल्या दोन्हींचा विसर पाडला.

निवड कशी करावी, याचे माझे पहिले उत्तर असे की, आपल्या बोलीपासून आरंभ करावा. पाठ्यपुस्तकी भाषेतला विनोद समजतो, पण आपल्या आजीच्या, मावशीच्या, वाडीवरच्या मुकादमाच्या तोंडच्या बोलीतला विनोद शरीरातून हसवितो. मराठी रंगभूमीवर याची साक्ष गंगाराम गवाणकर लिखित आणि मच्छिंद्र कांबळी यांनी गाजविलेल्या 'वस्त्रहरण' या नाटकाने 1980 साली दिली. ज्या मालवणी बोलीला शहरी प्रेक्षक तोवर गड्यामाणसांची बोली समजत, तिच्यातून महाभारताचा प्रसंग रंगमंचावर अवतरला आणि त्या बोलीची प्रतिष्ठा कायमची उंचावली. समाजमाध्यमांवर हेच कार्य विनायक माळी यांनी आगरी बोलीसाठी केले. त्यांच्या यूट्यूबवरील फितींतील दादूस, घरातील रुसवेफुगवे, हळदी-लग्नातील थाट हे सर्व ठाणे-रायगडच्या खाडीकाठच्या जीवनातून आलेले असल्यामुळे, उत्तर कोकणातील कोणत्याही प्रेक्षकाला, मग तो मांगेला असो, वाडवळ असो की वारली असो, त्यात शेजारचे घर दिसते.

शहरी मध्यमवर्गाच्या वाट्याला याच काळात 'भाडिपा' आली. सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी 2016 साली सुरू केलेल्या या वाहिनीवर रेणुका दफ्तरदार आणि आलोक राजवाडे यांच्या 'आई आणि मी' या मालिकेत आई-मुलामधील जी लहान लहान भांडणे आहेत, ती टाळेबंदीत एका छपराखाली कोंडल्या गेलेल्या कुटुंबांना किती जवळची वाटली असतील हे सांगावयास नको. सोनी मराठीवर 2018 पासून चालू असलेल्या 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' या कार्यक्रमातील प्रहसनेही दूरचित्रवाणीपेक्षा मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांनी अधिक पाहिली जातात असे दिसते. आणि ज्यांना दीर्घ कथानक हवे असेल त्यांनी बारामतीच्या परिसरात घडणारी 'चांडाळ चौकडीच्या करामती' ही मालिका पाहावी, जिच्यातील गावकीचे राजकारण आणि पारावरच्या गप्पा महाराष्ट्रातील कोणत्याही ग्रामपंचायतीस लागू पडतील. ही नावे मी केवळ आरंभबिंदू म्हणून देतो. मोठी खाती सापडण्यास शोध लागत नाही. शोध लागतो तो लहान खात्यांचा, आणि विषण्ण काळात खरे औषध बहुधा तेथेच असते.

लहान खात्यांच्या इतिहासात एका तारखेचा उल्लेख केलाच पाहिजे. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारच्या फर्मानाने 59 चिनी उपयोजनांवर बंदी आली आणि त्यांत टिकटॉकही गेले. सुरक्षेच्या कारणांची मीमांसा करण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु त्या माध्यमावर शेतात, वीटभट्टीवर, बैलगाडीत, पाड्याच्या वाटेवर अभिनय करणाऱ्या असंख्य ग्रामीण आणि आदिवासी तरुणांनी जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला, आणि तोही टाळेबंदीच्या ऐन उदासीत, ही हानी मला दुःखद वाटते. पुढच्याच महिन्यात इंस्टाग्रामने भारतात रील्स आणले आणि सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्सचा आरंभ येथूनच केला. त्यांतून अनेक जण पुन्हा उभे राहिले, अनेक राहिले नाहीत. आवडलेल्या खात्याची दुसरी नोंद आपल्यापाशी ठेवावी, ते आणखी कोठे आहे हे पाहून ठेवावे, हा व्यवहारी धडा त्यातून मिळतो.

बोलीच्या पलीकडेही एक विस्तीर्ण प्रदेश आहे, तो निःशब्द विनोदाचा. डहाणूसारख्या तालुक्यात, जेथे एकाच बाजारपेठेत वारली, मांगेली, गुजराती, हिंदी आणि प्रमाण मराठी कानी पडतात, तेथे या विनोदाचे मोल फार मोठे. शि. द. फडणीस यांच्या शब्दावाचूनच्या हास्यचित्रांवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या हसल्या. 2020 च्या मार्चमध्ये इटलीत तुरीनजवळ राहणाऱ्या खाबी लामे या सेनेगलमध्ये जन्मलेल्या तरुणाची कारखान्यातील नोकरी महासाथीमुळे गेली. घरी बसून त्याने, साध्या कामांची विनाकारण गुंतागुंत करणाऱ्या फितींना, तेच काम सरळ करून दाखवून आणि दोन्ही हात पसरून मूक उत्तर देण्यास सुरुवात केली, आणि 2022 च्या जूनमध्ये टिकटॉकवर जगात सर्वाधिक अनुयायी त्याचे झाले. शब्दावाचून बोलण्याची ही शक्ती डहाणूला अपरिचित नाही. याच तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांची वाचा लहानपणी आईच्या मृत्यूच्या आघाताने काही वर्षे बंद झाली होती, आणि त्या काळात ते धुळीवर चित्रे काढून आपले म्हणणे सांगत, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. तेच पुढे वारली चित्रकलेचे जगद्विख्यात कलावंत झाले आणि 2011 साली पद्मश्रीने सन्मानित झाले. दुःखाने वाचा गेलेल्या मुलाला रेषेने दिलेला तो आधार मनात ठेवून, ज्या घरात कोणी धास्तावून अबोल झाले असेल तेथे प्रथम शब्दावाचूनच्या फिती दाखवाव्यात, असे मी सुचवीन.

निवडीची यानंतरची कसोटी नैतिक आहे, आणि तिच्याविषयी मी आग्रही आहे. मुंबईचे डॉ. मदन कटारिया यांनी 1995 च्या मार्च महिन्यात एका उद्यानात पाच माणसांनिशी हास्यमंडळ सुरू केले, तेव्हा आरंभी सारे जण विनोद सांगून हसत. परंतु थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले आणि कोणाला तरी दुखविणारे विनोद उरले, म्हणून त्यांनी विनोदाचा आधार सोडून नुसत्या हसण्याच्या व्यायामाकडे मोर्चा वळविला. विनोदाचा साठा संपत आला की तो दुबळ्याकडे वळतो, ही त्या प्रसंगाची शिकवण समाजमाध्यमांना तंतोतंत लागू पडते. रोज एक फीत दिलीच पाहिजे या घाईत अनेक खाती काळ्या वर्णावर, जाड देहावर, तोतरेपणावर, आणि दुर्दैवाने आदिवासींच्या उच्चारांवर व पोशाखावर हसू लागतात. डहाणू-तलासरीच्या घरात असे खाते एक दिवसही राहू नये. ओळखण्याची रीत सोपी आहे: खात्यावरच्या जुन्या दहा-पंधरा फिती पाहाव्यात आणि त्यांत कोण हसतो आणि कोणावर हसले जाते ते पाहावे. जो स्वतःच्या घरावर, स्वतःच्या गावावर, स्वतःच्या फजितीवर हसतो, त्याच्या संगतीत आपणही सुरक्षित असतो. त्याचबरोबर, जे खाते विनोदामध्ये मधूनच बातम्या, भाकिते किंवा धर्मद्वेष पेरते, ते विनोदाचे खाते नव्हेच. अफवा हसतमुख वेषातही येतात, आणि गडचिंचलेनंतर या तालुक्यात तरी कोणी ते विसरू नये.

साधेपणा हा गुण मला फार महत्त्वाचा वाटतो. मार्च 2020 मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथील नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्युझियम हे वस्तुसंग्रहालय महासाथीमुळे बंद पडले, तेव्हा तेथील सुरक्षाप्रमुख टिम यांच्याकडेच संस्थेचे समाजमाध्यमांवरील खाते सोपविण्यात आले. त्यांना त्या माध्यमाची रीत ठाऊक नव्हती. हॅशटॅगचे चिन्ह देण्याऐवजी ते तो शब्दच अक्षरांनी लिहीत, आणि प्रत्येक मजकुराखाली आभार मानून आपले नाव घालीत. त्या निष्कपट लेखनावर लक्षावधी माणसांनी जीव लावला, कारण त्यात हसविण्याचा आटापिटा नव्हता. रिकाम्या दालनांतून फिरणारा एक सज्जन माणूस होता. गावच्या ग्रंथालयाचे, शाळेचे, चिकूच्या बागायतदाराचे असे साधे खाते कोठे आढळले तर ते झगमगीत खात्याहून अधिक काळ सोबत करील.

प्रोव्हाइन यांचा निष्कर्ष ध्यानी घेतला, तर पाहण्याची रीत आपोआप ठरते. अंथरुणात एकट्याने, कानात यंत्र घालून, मध्यरात्रीपर्यंत शंभर फिती सरकविण्याने हास्य उमटत नाही, फक्त झोप जाते. दिवसा सापडलेल्या चार चांगल्या फिती 'सेव्ह' करून ठेवाव्यात आणि रात्रीच्या जेवणानंतर ओट्यावर सर्वांनी मिळून पाहाव्यात. आजीला त्यातला शहरी संदर्भ समजला नाही तर नातवाने समजावून सांगावा, आणि ते समजावून सांगतानाच बहुधा सर्वांत जास्त हसू येते. डोंगराकडच्या पाड्यांत रेंज नसते, हा अडथळा खरा आहे. परंतु यूट्यूबवर फीत उतरवून घेण्याची सोय असल्यामुळे तलासरीच्या किंवा कासाच्या बाजारात गेलेल्या मुलाने रेंज असेल तेथे त्या उतरवून आणल्या, तर घरी जाळ्यावाचूनही पाहता येतात.

आपल्या बोलीतील लहान खाती शोधताना इंग्रजी शब्द लिहून शोध घेतल्यास हाती परप्रांतीय गर्दीच लागते. शोधाच्या चौकटीत देवनागरीत आपल्या बोलीचे, तालुक्याचे किंवा गावाचे नाव आणि जोडीला 'कॉमेडी', 'विनोदी', 'धमाल' असा सर्वांनी स्वीकारलेला शब्द लिहावा. तारपा, लग्न, लावणी-आवणी, होळी, महालक्ष्मीची जत्रा अशा स्थानिक प्रसंगांची नावे घालून पाहावीत. आणि एक खाते सापडले की त्याच्या कर्त्याने स्वतः कोणाकोणाला 'फॉलो' केले आहे ती यादी उघडावी, कारण एकाच बोलीत काम करणारी मुले एकमेकांना ओळखत असतात आणि एका यादीतून दुसरी चार खाती मिळतात. मिळालेली फीत आवडली तर तिच्याखाली आपल्याच बोलीत दोन ओळी जरूर लिहाव्यात. यंत्र त्या ओळींचीही नोंद घेते आणि ती फीत शेजारच्या पाड्यावरच्या माणसापुढे नेऊन ठेवण्याची शक्यता वाढते. शिवाय ज्या मुलाने ती फीत केली आहे, त्याला पुढची करण्यासाठी एवढे निमित्त बहुधा पुरते.